विश्लेषण : ४४ वर्षांच्या गोलरक्षकाची किंमत किती? जाक प्लांट यांच्या अदलाबदलीची गोष्ट

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत, म्हणजेच नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल), एक चर्चा हमखास रंगते. ज्या संघाचा हंगाम वाया गेला आहे, त्याने आपला अनुभवी गोलरक्षक राखावा की जेतेपदाच्या शर्यतीतील एखाद्या संघाला देऊन टाकावा? आज खेळाडू द्यायचा आणि बदल्यात उद्याचा खेळाडू मिळवायचा, असा हा सौदा असतो. ३ मार्च १९७३ रोजी टोरांटो मेपल लीफ्स संघाने असाच सौदा केला. त्यांनी दिलेला गोलरक्षक ४४ वर्षांचा होता आणि हॉकीच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होता. त्याचे नाव जाक प्लांट.

जाक प्लांट कोण होते?

प्लांट यांचा जन्म १७ जानेवारी १९२९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला. अकरा भावंडांमध्ये ते थोरले. वडील कारखान्यात कामगार होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी लहानपणीच विणकाम शिकून घेतले. पुढे मोठे खेळाडू झाल्यावरही ते आपल्या लोकरी टोप्या स्वतःच विणत.

दम्यामुळे बर्फावर फार वेळ स्केटिंग करता येत नसे, म्हणून ते गोलजाळीसमोर उभे राहू लागले. पण तिथेही ते स्वस्थ उभे राहिले नाहीत. गोलजाळी सोडून पुढे यायचे, मागे जाऊन पक (आइस हॉकीतील रबरी चकती) अडवायचा आणि आपल्या बचावपटूकडे सरकवायचा, ही पद्धत त्यांनी रुळवली. बचावपटूंना ओरडून आणि हात उंचावून सूचना देणे, हाही त्यांच्या खेळाचाच भाग होता. आज कुठल्याही गोलरक्षकाकडून हे अपेक्षितच असते. त्या काळी मात्र प्रशिक्षकांच्या छातीत धडकी भरायची.

१९५३ मध्ये माँट्रियल कनेडियन्सने एनएचएलचे सर्वोच्च जेतेपद, म्हणजे स्टॅनले चषक जिंकला, तेव्हा प्लांट संघात होते. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे माँट्रियलने हा चषक जिंकला आणि पाचही वेळा गोलजाळीसमोर प्लांटच होते.

मुखवट्याचा इतिहास काय?

त्या काळी गोलरक्षक चेहऱ्यावर काहीही न लावता खेळत. १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्ट यांनी काही सामन्यांत चामड्याचा मुखवटा वापरला होता, पण तो प्रयोग तिथेच थांबला. प्लांट सरावात मुखवटा लावत. सामन्यात मात्र प्रशिक्षक टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. मुखवटा म्हणजे भित्रेपणा, शिवाय त्याने नजरेला अडथळा होतो, असा समज होता.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेट यांचा फटका थेट प्लांट यांच्या चेहऱ्यावर बसला. जखमेला टाके घालावे लागले. त्या काळी संघासोबत राखीव गोलरक्षक नसे. प्लांट यांनी अट घातली की मुखवटा लावू दिला तरच खेळेन. ब्लेक यांच्यापुढे पर्याय नव्हता. सामना माँट्रियलने ३-१ असा जिंकला आणि पुढचे अनेक सामने संघ हरलाच नाही. मार्च १९६० मध्ये ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांट एकदा मुखवट्याविना खेळले. तो सामना संघ हरला आणि मुखवटा कायमचा परत आला. पुढे हळूहळू इतर गोलरक्षकांनीही त्यांचे अनुकरण केले.

माँट्रियलने त्यांना का सोडले?

१९६२ मध्ये प्लांट यांना लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट करंडक मिळाला. गोलरक्षकाला हा मान क्वचितच मिळतो. मात्र सहा संघांच्या लीगमध्ये त्यानंतर माँट्रियलला चषक मिळेना. प्लांट यांचा दमा, दुखापती आणि स्वतंत्र स्वभाव व्यवस्थापनाला जड जाऊ लागला. ४ जून १९६३ रोजी त्यांना दोन सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क रेंजर्सकडे पाठवण्यात आले. बदल्यात रेंजर्सचे गोलरक्षक गम्प वर्सली आणि आणखी तीन खेळाडू माँट्रियलला मिळाले. अशा अदलाबदलीसाठी तेव्हा खेळाडूची संमती घेतली जात नसे.

या सौद्यात माँट्रियलची सरशी झाली. वर्सली यांनी तिथे चार स्टॅनले चषक जिंकले. प्लांट मात्र तळाकडच्या संघात अडकले. रेंजर्सला त्या दोन्ही हंगामांत प्लेऑफ गाठता आले नाही. प्लांट यांना मधल्या काळात दुय्यम लीगमधील बाल्टिमोर संघातही खेळावे लागले. १९६५ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि नोकरी धरली.

मग पुनरागमन कसे झाले?

१९६७ मध्ये एनएचएलमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली. नव्या संघांना अनुभवाची गरज होती. १९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूजने प्लांट यांना पुन्हा मैदानात आणले. त्यांचे वय तेव्हा ३९ होते आणि जोडीला ग्लेन हॉल हे तितकेच मुरलेले गोलरक्षक होते. दोघांनी आलटून पालटून खेळत पहिल्याच हंगामात सर्वांत कमी गोल स्वीकारले आणि गोलरक्षणाचा व्हेझिना करंडक संयुक्तपणे पटकावला. प्लांट यांचा तो सातवा व्हेझिना.

१९७० च्या अंतिम फेरीत एक वेगवान फटका त्यांच्या मुखवट्यावर आदळला आणि ते बेशुद्ध पडले. मुखवटा नसता तर जिवावर बेतले असते. त्याच वर्षी ते टोरांटोकडे गेले आणि ४२ व्या वर्षी त्यांनी कमाल केली. १९७०-७१ च्या हंगामात त्यांनी सामन्यामागे सरासरी १.८८ गोल स्वीकारले. संपूर्ण लीगमध्ये ही सर्वोत्तम कामगिरी होती.

टोरांटोवर ही वेळ का आली?

१९७१ च्या सुरुवातीला टोरांटोने बर्नी परेंट हा तरुण गोलरक्षक आणला. लहानपणापासून प्लांट यांना आदर्श मानणारा परेंट आता त्यांच्या हाताखाली शिकू लागला. पाय कसे ठेवायचे, कोन कसा अडवायचा, गोलजाळीपासून किती पुढे यायचे, हे सारे प्लांट यांनी त्याला शिकवले. प्लांट थांबतील तेव्हा परेंट तयार असेल, अशी ही घडी नीट बसली होती.

ती विस्कटली १९७२ मध्ये. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली आणि तिने भरघोस पैसे देऊ केले. टोरांटोचे मालक हॅरोल्ड बॅलार्ड यांनी या नव्या लीगकडे दुर्लक्ष केले, त्यामुळे परेंटसह अनेक खेळाडू निघून गेले. उरलेल्या संघाने १९७२-७३ च्या हंगामात ७८ पैकी केवळ २७ सामने जिंकले. प्लेऑफची आशा मावळली होती. गोलजाळीसमोर उत्तम पण ४४ वर्षांचा माणूस होता आणि पुढच्या पिढीचा पत्ता नव्हता.

१९७३ चा व्यवहार नेमका काय होता?

या लीगमध्ये तरुण खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून मिळतात. आयपीएलसारखा लिलाव नसतो. संघ ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडतात आणि निवडीचा हा हक्क दुसऱ्या संघाला देता येतो. म्हणजे आपला जुना खेळाडू देऊन दुसऱ्याची ‘पाळी’ मिळवता येते.

बॉस्टन ब्रुइन्स १९७२ चे विजेते होते. पण त्यांचे गोलरक्षक गेरी चीव्हर्स यांनाही नव्या लीगने ओढून नेले होते. त्यामुळे प्लेऑफच्या तोंडावर त्यांना भरवशाचा गोलरक्षक हवा होता. टोरांटोने प्लांट आणि तिसऱ्या फेरीतील निवडीचा हक्क दिला. बॉस्टनने पहिल्या फेरीचा हक्क दिला. सौद्याचा उरलेला भाग म्हणून गोलरक्षक एडी जॉन्स्टन हंगामानंतर टोरांटोकडे आले.

फायदा कोणाला झाला?

सुरुवातीला बॉस्टनला. प्लांट यांनी तिथे आठ सामन्यांपैकी सात जिंकले. सरासरी सामन्यामागे फक्त दोन गोल स्वीकारले. पण ज्या प्लेऑफसाठी त्यांना आणले, तिथे रेंजर्सविरुद्ध पहिले दोन्ही सामने त्यांनी गमावले आणि बॉस्टन १-४ ने बाहेर पडले. एनएचएलमधील प्लांट यांची कारकीर्द तिथेच संपली.

टोरांटोने त्या हक्कातून पंधराव्या क्रमांकावर इयन टर्नबुल हा बचावपटू घेतला. खरेदीदार संघ बलाढ्य असला की त्याची पाळी यादीत खाली येते, म्हणून असा खेळाडू चमकेलच याची खात्री नसते. टर्नबुल मात्र चमकला. २ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याने एकाच सामन्यात पाच गोल केले. बचावपटूंमध्ये हा विक्रम अजूनही अबाधित आहे. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर टोरांटोला लॅनी मॅकडोनाल्डही मिळाला. पुढच्याच हंगामात संघ प्लेऑफमध्ये परतला.

तरीही हिशेब इतका सरळ नाही. या नव्या पिढीलाही टोरांटोसाठी चषक जिंकता आला नाही. आणि गमावलेल्या परेंटचे काय? नव्या लीगमधून परतल्यावर तो टोरांटोसाठी खेळायला तयार नव्हता, म्हणून त्याचे हक्क फिलाडेल्फियाला द्यावे लागले. १९७४ च्या अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात त्याने बॉस्टनला एकही गोल करू दिला नाही. फिलाडेल्फियाने तो सामना १-० ने आणि सोबत चषकही जिंकला. प्लांट यांचा खेळ बॉस्टनने काही आठवड्यांसाठी घेतला होता. त्यांच्या विद्येपुढे तोच संघ वर्षभरानंतर हरला. टोरांटोने ४४ वर्षांचा गोलरक्षक दिला यात चूक नव्हती. चूक झाली ती त्याने घडवलेला २७ वर्षांचा गोलरक्षक पैशांसाठी हातचा जाऊ देण्यात.

पुढे प्लांट यांचे काय झाले?

ते क्वेबेक नॉर्डिक्सचे प्रशिक्षक झाले, मग एडमंटनकडून पुन्हा खेळले आणि १९७५ मध्ये, ४६ व्या वर्षी कायमचे थांबले. शिकवण्याची हौस मात्र सुटली नाही. ही विद्या त्यांनी प्रतिस्पर्ध्यांपासूनही लपवली नव्हती. १९७२ मध्ये कॅनडा-सोव्हिएत मालिकेच्या पहिल्या सामन्यापूर्वी त्यांनी सोव्हिएत गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक याला कॅनडाचे खेळाडू कसे फटके मारतात, हे समजावून सांगितले होते. सोव्हिएत संघाने तो सामना ७-३ असा जिंकला.

१९७८ मध्ये त्यांचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. उत्तरायुष्यात ते स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये जिनिव्हात कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये माँट्रियलने त्यांची एक क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. ज्या संघाने त्यांना ३४ व्या वर्षी नको म्हणून देऊन टाकले होते, त्याच संघात आता तो क्रमांक कोणालाच मिळत नाही.