र. धों. कर्वे आणि बाबासाहेबांनी लढवलेला खटला

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ सालचा. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या विवाहित स्त्रियांसाठी त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. कॉलेजला ते खपले नाही आणि नोकरी गेली. पत्नी मालतीबाईंच्या संमतीने मूल होऊ न देण्याचे ठरवून त्यांनी नसबंदी स्वतःची करून घेतली, बायकोची नाही!

१९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. सनातन्यांनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाबासाहेबांची बाजू होती. कोर्टाने ती मानली नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा, साधने पुरवावीत, असा ठराव १९३८ साली त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. सभागृहाने तो फेटाळला. मासिक मात्र १९५३ साली कर्व्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिले.

१९५२ पासून कुटुंबनियोजन हे सरकारचेच धोरण झाले. मग कर्वे जिंकले काय? कर्व्यांनी स्त्रीला माहिती आणि निवड देऊ केली होती. सरकारने दिले टार्गेट! २०१४ साली छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तिथल्या शिबिरांत १३ जणी मेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के!

ऑपरेशन फसून पुन्हा दिवस गेलेल्या एका भगिनीचे कागद माझ्याकडे आले होते. संमतीपत्रावर तिचा अंगठा होता. त्यात काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवले नव्हते. कायद्याच्या भाषेत याला संमती म्हणत नाहीत.

वस्तीतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. दवाखान्यात जाणाऱ्या भगिनीसोबत जावे. तांबी, गोळ्या, निरोध, पुरुष नसबंदी हे सारे पर्याय तिला सांगितले गेले का, ते विचारावे. अंगठ्याआधी कागद मराठीत वाचून घ्यावा, त्याची प्रत मागावी. आणि तिच्या नवऱ्यालाही विचारावे, बाबा रे, तू का नाही?

बाबासाहेब तो खटला कोर्टात हरले. दवाखान्याच्या दारात तो आपण जिंकायचा आहे.