जलपरीचे कथाकार : हान्स अँडरसन

मुलांनो, जलपरीची गोष्ट तुम्हांला माहीत आहे ना? कमरेपर्यंत सुंदर मुलगी आणि कमरेखाली माशाची शेपटी! मराठीत तिला 'मत्स्यकन्या' असेही म्हणतात. समुद्राकाठच्या अनेक देशांत लोक पूर्वीपासून अशा गोष्टी सांगत आले आहेत. तुम्ही ज्या अलिफ लैलाच्या गोष्टी आवडीने ऐकता, त्यांतही कोळी अब्दुल्ला आणि समुद्रात राहणारा अब्दुल्ला यांच्या मैत्रीची गोष्ट आहे. पण आज जगभरच्या मुलांच्या पुस्तकांत जी जलपरी भेटते, ती डेन्मार्क देशातील एका गरीब मोच्याच्या मुलाने लिहिली. त्याचे नाव हान्स क्रिश्चन अँडरसन. चला, आज आपण त्याची ओळख करून घेऊ या.

हान्सचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी ओडेन्से या गावी झाला. वडील जोडे शिवत. आई लोकांचे कपडे धूत असे. थंडीच्या दिवसांतही तिला नदीच्या गार पाण्यात उभे राहून काम करावे लागे. घर म्हणजे एक लहानशी खोली. तिथेच वडिलांचे काम, तिथेच स्वयंपाक आणि तिथेच झोपणे.

घरात पैसा नव्हता, पण गोष्टी भरपूर होत्या. वडिलांना वाचनाचा नाद होता. रात्री काम संपले की ते हान्सला अलिफ लैला वाचून दाखवत. त्यांनी त्याला एक छोटेसे बाहुल्यांचे नाट्यगृहही करून दिले होते. हान्सची आजी एका रुग्णालयाच्या बागेत काम करी. हान्स तिच्याबरोबर जाई आणि तेथे सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसे. त्या बायका त्याला भुतांच्या, राक्षसांच्या आणि राजकन्यांच्या लोककथा सांगत. हान्स त्या कान देऊन ऐके. पुढे हाच त्याचा खरा खजिना ठरला.

हान्स अकरा वर्षांचा असताना, १८१६ साली, वडील वारले. ते सैन्यात गेले होते आणि आजारी होऊन परतले होते. आता घरची स्थिती आणखी बिकट झाली. आईला वाटे, मुलाने शिंप्याचे काम शिकावे आणि चार पैसे मिळवावेत. पण हान्सचा आवाज फार गोड होता. त्याला नाटकात जायचे होते. तो आईच्या मागे लागला. शेवटी आई एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे गेली. तुझा मुलगा मोठा होईल आणि एक दिवस त्याच्या सन्मानासाठी सारे ओडेन्से दिव्यांनी उजळेल, असे त्या बाईने सांगितले. तेव्हा कुठे आईने परवानगी दिली. साठवलेले थोडेसे पैसे घेऊन चौदा वर्षांचा हान्स १८१९ साली एकटाच राजधानी कोपनहेगनला गेला.

मुलांनो, तुम्हांला वाटेल की आता त्याचे नशीब उघडले. तसे झाले नाही. उंच, हडकुळा, ढगळ कपडे घातलेला तो मुलगा पाहून लोक हसत. एका इटालियन गायकाने त्याला गाणे शिकवायला घेतले. पण थोड्याच महिन्यांत हान्सचा आवाज फुटला आणि गाणे संपले. नृत्यही जमले नाही. मग त्याने नाटके लिहून नाट्यगृहाकडे पाठवली. त्यांत शुद्धलेखनाच्या चुकाच चुका होत्या. नाटके परत आली. मात्र नाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलिन यांनी त्या चुकांच्या पलीकडे पाहिले. या मुलाजवळ बुद्धी आहे, त्याला फक्त शिक्षण मिळाले नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी राजाकडून मदत मिळवून दिली आणि १८२२ साली हान्सला शाळेत घातले.

त्या वेळी हान्स सतरा वर्षांचा होता. त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान मुलांबरोबर त्याला एकाच वर्गात बसावे लागले. कल्पना करा, त्याला किती लाज वाटली असेल! मुख्याध्यापक फार कडक होते. ते सर्वांसमोर त्याची टिंगल करीत. कविता लिहिण्याचीही त्यांनी मनाई केली होती. ही वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाची होती, असे तो पुढे म्हणत असे. तरीही त्याने शाळा सोडून पळ काढला नाही. पाच वर्षे सोसून त्याने अभ्यास केला आणि १८२८ साली विद्यापीठाची प्रवेश परीक्षा तो उत्तीर्ण झाला.

आता हान्सचे अँडरसन झाले. ते लिहू लागले, देशोदेशी प्रवास करू लागले. डेन्मार्कमध्ये एक जुने लोकगीत होते. त्यात आग्नेता नावाच्या मुलीला एक जलमानव समुद्राच्या तळाशी घेऊन जातो. ती तेथे आठ वर्षे राहते. तिला सात मुलगे होतात. एक दिवस तिला वरून चर्चच्या घंटा ऐकू येतात. ती जमिनीवर येते आणि पुन्हा परत जात नाही. अँडरसन यांनी या गीतावरून एक काव्यनाटक लिहिले. पण ते कोणाला फारसे आवडले नाही. याच सुमारास, १८३३ साली, त्यांची आईही वारली. तेव्हा ते दूर इटलीत होते.

अपयश आले तरी समुद्रातील माणसांची गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. १८३५ साली त्यांची एक कादंबरी गाजली. त्याच वर्षी त्यांनी मुलांसाठी चार परीकथांची छोटी पुस्तिका काढली. आपण घरात जसे बोलतो, तशाच सोप्या भाषेत त्या कथा लिहिल्या होत्या. काही टीकाकारांना हे रुचले नाही. अशा कथा लिहून वेळ वाया घालवू नका, असा सल्ला त्यांनी दिला. पण विजेचा आणि चुंबकत्वाचा संबंध शोधून काढणारे शास्त्रज्ञ ओर्स्टेड हे अँडरसन यांचे मित्र होते. कादंबरीने तुम्हांला कीर्ती मिळेल, पण परीकथा तुम्हांला अमर करतील, असे त्यांचे मत होते. शास्त्रज्ञाचा हा अंदाजही खरा ठरला!

एप्रिल १८३७ मध्ये 'छोटी जलपरी' ही कथा प्रसिद्ध झाली. या वेळी जलमानव मुलीला पाण्यात नेत नाही, तर जलपरीच जमिनीवर येते. सहा बहिणींतली ती सर्वांत धाकटी. पंधरा वर्षे पूर्ण होताच तिला पाण्याबाहेर डोकावायची परवानगी मिळते. वादळात जहाज फुटते आणि ती एका राजपुत्राचा जीव वाचवते. आजी तिला सांगते की जलपऱ्या तीनशे वर्षे जगतात, पण शेवटी त्यांचा फेस होतो. माणसाचा आत्मा मात्र अमर असतो. तेव्हापासून जलपरीला राजपुत्राची आणि अमर आत्म्याची ओढ लागते. ती समुद्रातील चेटकिणीकडे जाते. पायांच्या बदल्यात चेटकीण तिची जीभ कापून घेते. जलपरीला पाय मिळतात, पण प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतात.

मुकी जलपरी राजपुत्राला काहीच सांगू शकत नाही. तो दुसऱ्या राजकन्येशी लग्न करतो. तेव्हा बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन एक सुरी आणतात. राजपुत्राला मारले तर जलपरी वाचणार असते. ती सुरी हातात घेते, झोपलेल्या राजपुत्राकडे पाहते आणि सुरी समुद्रात फेकून देते. तिचा फेस होतो. पण ती नाहीशी होत नाही. ती हवेच्या कन्यांत सामील होते. तीनशे वर्षे चांगली कामे केली तर तिला अमर आत्मा मिळणार असतो.

डिस्ने कंपनीच्या १९८९ सालच्या चित्रपटात शेवटी जलपरीचे आणि राजपुत्राचे लग्न होते. मूळ कथेत तसे नाही. आपल्या जलपरीचे भले दुसऱ्या कोणाच्या प्रेमावर अवलंबून असावे, हे अँडरसन यांना पटत नव्हते. तिने ते स्वतःच्या चांगल्या कामांनी मिळवावे, असे त्यांना वाटत होते. ज्या मुलाचा आवाज परक्या शहरात हरवला, ज्याच्यावर लोक हसले, त्याने आवाज हरवलेल्या जलपरीचे दुःख इतके खरे लिहिले, यात नवल ते काय!

यानंतर 'कुरूप बदकपिल्लू', 'हिमराणी' अशा अनेक कथा आल्या. अँडरसन यांनी एकूण दीडशेहून अधिक परीकथा लिहिल्या. राजेरजवाडे त्यांना बोलावू लागले. पण ते अविवाहित आणि बरेचसे एकाकी राहिले. १८६७ साली ओडेन्सेने त्यांना सन्माननीय नागरिक केले. त्या रात्री सारे गाव दिव्यांनी उजळले होते. धोबिणीच्या मुलासाठी! ते पाहायला आई मात्र नव्हती.

४ ऑगस्ट १८७५ रोजी अँडरसन यांचे निधन झाले. १९१३ साली कोपनहेगनच्या किनाऱ्यावर एका खडकावर छोट्या जलपरीचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. जगभरचे लोक तो पाहायला जातात. त्याच शहरातील एका कालव्यात, पाण्याखाली, जलमानव आणि त्याचे सात मुलगे यांचेही पुतळे आहेत. ते आग्नेताची वाट पाहत आहेत. अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, १९६७ पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी एका गरीब मुलाने मन लावून ऐकल्या, म्हणून त्या जगापर्यंत पोहोचल्या. तुमच्याही दादी-नानीजवळ अशा गोष्टी असतील. त्या ऐका, वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. लिहिताना चुका झाल्या तर घाबरू नका. हान्सच्याही झाल्या होत्या!

स्वाध्याय

१. हान्सने लोककथा कोणाकोणाकडून ऐकल्या?
२. योनास कोलिन यांनी हान्सला मदत का केली?
३. आग्नेताची गोष्ट आणि छोट्या जलपरीची गोष्ट यांत कोणता फरक आहे?
४. जलपरीने सुरी समुद्रात का फेकली असेल? तुमच्या शब्दांत सांगा.
५. घरातील मोठ्या माणसांकडून एक लोककथा ऐका आणि ती मराठीत दहा ओळींत लिहा.