यशवंताची आई सावित्रीबाई फुले

थोर माणसांची चरित्रे वाचताना त्यांनी जगात काय केले हे आपण बहुधा पाहतो. त्यांच्या घरात कोण वाढले, हे पाहावयाचे राहून जाते. सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस नवीन नाही. त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळा आणि त्यापायी अंगावर झेललेले शेणगोळे, ह्या गोष्टी खालच्या इयत्तेतील मुलगीही सांगू शकेल. म्हणून तो भाग थोडक्यात आटोपून, ह्या लेखात आम्ही वाचकांस त्यांच्या घरात नेणार आहो. परक्याचे मूल आपले कसे होते, ही त्या घराची हकीकत आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील ह्यांच्या घरी झाला. १८४० साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचा विवाह झाला. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, त्या घरात सासू नव्हती. जोतीराव अगदी तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली होती. वडील गोविंदराव ह्यांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या नात्यातील एका बालविधवेने त्या पोरक्या बाळाचा सांभाळ केला. सगुणाबाई एका मिशनरी गृहस्थाच्या घरी मुलांचे संगोपन करीत असत व तेथेच त्यांस शिक्षणाचे मोल कळले होते. जोतीरावांस शाळेत घालण्याविषयी त्यांचाच आग्रह होता. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ज्या जोतीरावांनी शिक्षण घेतले, त्यांस वाढविणारे हात जन्मदात्रीचे नव्हते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सावित्रीबाईंनी हे उदाहरण सासरी पाऊल टाकल्यापासून डोळ्यांसमोर पाहिले.

पुढे पतीने त्यांस घरी लिहावयास वाचावयास शिकविले. अहमदनगर येथे मिस फरार व पुण्यास मिसेस मिचेल ह्या मिशनरी बाईंच्या हाताखाली त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ह्या कार्यापायी पतिपत्नीस घर सोडावे लागले. हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. त्या काळी ब्राह्मणादी उच्च जातींत विधवेस पुनर्विवाह करू देत नसत. लहानपणीच वैधव्य आलेली एखादी मुलगी कोणाच्या फसवणुकीस बळी पडली, तर पुरुषास कोणी जाब विचारीत नसे. त्या अभागिनीपुढे मात्र विहीर जवळ करणे, गर्भपाताची विषारी औषधे घेणे, अथवा जन्मलेल्या अर्भकाचा घात करणे एवढ्याच वाटा उरत. जोतीरावांच्या एका मित्राकडे स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एका विधवेवर असाच प्रसंग गुदरला. लोकलज्जेने तिने आपले मूल मारून विहिरीत टाकले. गुन्हा उघडकीस येऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याच्या मनास ही गोष्ट फार लागली.

१८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहरात भिंतींवर जाहिराती लावण्यात आल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे; नंतर मूल बरोबर न्यावे अथवा येथेच ठेवावे, ते त्यांच्या खुषीवर राहील, असा त्यांचा आशय होता. मागे राहिलेल्या मुलांची काळजी हे घर घेणार होते. शाळेत शिकविणाऱ्या सावित्रीबाई आता बाळंतिणीची शेकशेगडी व तान्ह्यांचे न्हाणे-माखणे पाहू लागल्या. हे मूल कोणाचे, असे त्या घरात विचारावयाचे नव्हते. ते आपले किती दिवस राहील, हेही ठाऊक नसावयाचे. तरी जितके दिवस ते पदरात आहे तितके दिवस त्याचे सर्व काही करावयाचे, असा तेथील नेम होता.

हे काम किती दुःखाचे होते हे एका आकड्यावरून कळेल. जोतीरावांनी १८८४ साली लिहून ठेविले आहे, त्याप्रमाणे तोवर पस्तीस ब्राह्मण विधवा ह्या घरी प्रसूत झाल्या. पण त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. गर्भ लपविण्यासाठी अगोदर घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा पोटातच घात झाला होता. मूल हाती यावे, त्यास ऊब द्यावी आणि ते हातातच निमावे, असे सावित्रीबाईंच्या वाट्यास कितीदा आले असेल! तरी घराचे दार बंद झाले नाही.

सावित्रीबाईंस स्वतःचे मूल झाले नव्हते. जोतीरावांनी दुसरी बायको करावी, असा नातलगांचा आग्रह होता. त्यांनी तो साफ नाकारला. १८७४ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जीव देण्याच्या बेतात होती. जोतीरावांनी तिला परावृत्त करून घरी आणले. तिला मुलगा झाला. त्याची नाळ सावित्रीबाईंनी आपल्या हातांनी कापली व त्याच दिवसापासून रात्रंदिवस त्याचा सांभाळ केला. ह्या मुलाचे नाव यशवंत. इतर मुलांप्रमाणे जे मूल सांभाळासाठी पदरात आले होते, ते आता कायमचे पदरात राहिले. पतिपत्नींनी त्यास दत्तक घेतले.

असे लिहिण्यास दोन ओळी पुरतात. परंतु त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. दत्तक घ्यावयाचा तो आपल्याच जातीतला, शक्यतो भाऊबंदांतला, अशी रूढी होती. येथे माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेचा मुलगा आला होता. जातभाईंस हे रुचले नाही, आणि मिळकतीवर डोळा असलेल्या भाऊबंदांस तर मुळीच रुचले नाही. आपल्या मागे ह्या मुलास कोणी मुलगा म्हणू देणार नाही, हे जोतीरावांनी ओळखले. म्हणून १८८७ च्या जुलै महिन्यात त्यांनी मृत्युपत्र करून सरकारात नोंदविले व यशवंतास वारस नेमले. त्या पत्रात सावित्रीबाईंनी नाळ कापल्यापासून केलेल्या संगोपनाचा उल्लेख आहे. तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो, कारण रक्ताच्या नात्याचा पुरावा जेथे देता येत नव्हता, तेथे जोतीरावांनी सांभाळाचा पुरावा दिला. त्याच पत्रात आणखी एक अट आहे. यशवंत न शिकता दुर्वर्तनी निघाला, तर सत्यशोधक समाजातील मंडळींच्या विचाराने एखाद्या लायक होतकरू मुलास वारसा द्यावा, असे त्यांनी लिहिले. मुलाचे लाड करून त्यास कर्तव्यातून मोकळे करणारे ते मायबाप नव्हते.

यशवंतास मुलगी देण्यास कोण तयार होणार, हाही प्रश्न होताच. ज्ञानोबा ससाणे ह्या सत्यशोधक गृहस्थांनी आपली कन्या दिली व ४ फेब्रुवारी १८८९ रोजी विवाह झाला. लग्नापूर्वीच सावित्रीबाईंनी भावी सुनेस आपल्या घरी आणून ठेविले, ते अशासाठी की तिला माणसांची ओळख व्हावी आणि शिक्षणही चालावे. स्वतः त्या लहान वयात परक्या घरी आल्या होत्या. सुनेस ते घर परके वाटू नये, हा त्यांचा हेतू स्पष्ट दिसतो.

ह्याआधीच जोतीरावांस पक्षाघात झाला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. प्रेतयात्रा निघावयाच्या वेळी जी भीती होती तीच खरी ठरली. अंत्ययात्रेच्या पुढे टिटवे धरून चालणारा तो वारस, असा समज असे. भाऊबंद पुढे होऊन यशवंताचा हक्क नाकारू लागले. एकीकडे पतीचे शव, दुसरीकडे सोळा वर्षांचा मुलगा सर्वांदेखत परका ठरत असलेला! तेव्हा सावित्रीबाई धीराने पुढे झाल्या. त्यांनी टिटवे आपल्या हाती घेतले, त्या यात्रेच्या पुढे चालल्या व त्यांनीच पतीस अग्नी दिला. स्त्रीने असे केल्याचे तेव्हा ऐकिवात नव्हते. मुलाचा हक्क हिरावून घेण्यास आलेल्यांस त्यांनी वाट दिली नाही.

यशवंताने आईबापांचे ऋण फेडले. जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली त्याने प्रसिद्ध केले. तो डॉक्टर होऊन लष्करात नोकरीस लागला. १८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यास बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. एकुलत्या मुलास अशा साथीत बोलावणे हे सामान्य आईचे काम नव्हे. मुंढव्याच्या महारवाड्याजवळ एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांस रोगाची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. परक्याचे मूल उचलून घेण्याची त्यांची सवय अशी अखेरपर्यंत टिकली.

आज काळ पालटला आहे. निराधार मुलास प्रथम सांभाळासाठी कुटुंबात ठेवावे, पुढे योग्य दिसल्यास त्याच कुटुंबाने त्यास दत्तक घ्यावे, ह्यास आता कायद्याची वाट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात पालक कुटुंबाची तरतूद केलेली आहे. आमच्या वाचकांतील ज्या आईबापांच्या मनात असा विचार येत असेल, त्यांनी सावित्रीबाईंच्या घराकडे पाहावे. मूल राहील की जाईल हे ठाऊक नसताना त्यास जीव लावणे कठीण आहे. पण तेवढाच काळ त्या मुलासही आईची गरज असते. विद्यार्थ्यांस आमचे सांगणे याहून लहान आहे. तुमच्या वर्गात दुसऱ्यांच्या घरी वाढणारा एखादा सोबती असेल. तो मूळचा कोणाचा, हे त्यास विचारू नका. ज्यांनी त्यास वाढविले त्यांचाच तो आहे.