बिनडोक्याचं इंजिन!

सिलिंडर हेडच नसलेलं इंजिन? व्हायव्हात हे ऐकून मी गारच पडलो. मेसचं जेवण उरकून लायब्ररीत शोधलं, तेव्हा ह्यूगो युंकर्स भेटले. 1859 साली जर्मनीत जन्म, पुढे आखेनला आपल्यासारख्याच पोरांना शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या कंपनीच्या युमो 205 या विमानाच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. दोघं जवळ आले की मधली फट हेच ज्वलनकक्ष! ना हेड, ना व्हॉल्व्ह. उष्णताही कमी वाया जाते. 1933 मध्ये नाझी सरकारनं त्यांच्याकडून पेटंट्स आणि कंपन्या हिसकावल्या, नजरकैदेत ठेवलं. 1935 मध्ये, 76व्या वाढदिवशीच, ते गेले. इंजिन मात्र उडत राहिलं. मित्रांनो, ड्रॉइंगशीटवर नाव टाकताना मला हल्ली तेच आठवतात.