कागद बोलते करणारा माणूस : इतिहासाचार्य राजवाडे आणि धुळे

व्हॉट्सॲपवर इतिहासाचा एखादा मेसेज आला, की तो पुढे पाठवण्याआधी आपण विचारतो का, याला पुरावा काय? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने याच प्रश्नापायी आयुष्य वेचलं. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा, कोकणातल्या वरसईचा. बी.ए. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून. काही काळ शिक्षकीही केली. पत्नी अकाली गेली, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

तेव्हा मराठ्यांचा इतिहास बराचसा बखरींवर आणि ग्रँट डफच्या पुस्तकावर चालायचा. अनेक बखरी घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या. राजवाड्यांचं म्हणणं सरळ होतं : आधी त्या काळातला अस्सल कागद, मग गोष्ट. वाईत त्यांना १७५० ते १७६१ या काळातली पत्रं सापडली, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. असे एकूण २२ खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव फिरले, लोकांच्या घरांतली मोडी दप्तरं चाळली. वेळ थोडा होता, कारण वाळवी आणि रद्दीवाला थांबत नव्हते.

पण कागद मिळाला म्हणजे इतिहास कळला, असं नाही. जुन्या पत्रांत पुष्कळदा वर्षच नसतं, फक्त मुसलमानी महिना आणि चंद्र म्हणजे तारीख असते. मग मजकुरातल्या घटना जुळवून साल ठरवावं लागतं. पत्र कोणी लिहिलं? कोणाला? त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं? त्यात त्याचा स्वार्थ काय? पत्र पोचल्याची नोंद, म्हणजे पैवस्ती, कधीची?

हे प्रश्न नववी-दहावीच्या मुलांनाही जमतात. वर्गात एकाच घटनेवरचं एक पत्र आणि एक बखर शेजारी ठेवली, तरी सनावळ्या पाठ करण्यापेक्षा जास्त कळतं.

१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यात राजवाडे पुढे होते. शेवटी ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ सुरू झालं. त्यांनी जमवलेली कागदपत्रं तिथे जपली गेली.

खानदेशातल्या शाळांना जुना कागद दाखवायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आणि तुमच्या माळ्यावर जुनं दप्तर असेल, तर रद्दीत घालण्याआधी जाणकाराला एकदा दाखवा.