खडकीला पाणी पाजणारा मलिक अंबर

वाशीमहून औरंगाबादला सहल गेली की पोरं पाणचक्की बघून येतात आणि घरी सांगतात, ही मलिक अंबरची. लहानपणी आम्हीपण तेच सांगायचो. खरं तर पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची. अंबरची नहर बहुतेक जमिनीखाली आहे, म्हणून ती कुणाला दिसत नाही.

१५४८ च्या सुमारास हबशांच्या मुलखात, म्हणजे इथिओपियात, हा जन्मला. नाव चापू. लहान वयात गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, अंबर हे नाव दिलं आणि दख्खनला आणून विकलं. घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही कधीकाळी गुलामच होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, काही वर्षं विजापूरच्या चाकरीत राहून परतला.

१५९६ मध्ये चांदबीबीला वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं, त्यात आपलं वाशीमही गेलं. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून गनिमी काव्याने लढाई चालू ठेवली.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. वस्ती वाढली, पाणी पुरेना. उत्तरेकडे, डोंगराच्या बाजूला, जमिनीत झिरपणारं पाणी धरून ते दगडी बोगद्यांतून आणि भाजक्या मातीच्या नळांतून शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर बांधकाम खचणार, कमी झाला तर गाळ बसणार. हवेसाठी आणि साफसफाईसाठी वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडं ठेवली.

१६१६ मध्ये मोगल फौज बाळापूरहून, म्हणजे आपल्या शेजारून, निघाली. रोशनगावला अंबर हरला, खडकी लुटून जाळली गेली. फौजेचा सरदार शाहनवाजखान, खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा. आणि याच खानखानानने त्याच सुमारास बुऱ्हाणपूरला अशीच भुयारी नहर काढली! तिथला कुंडी भंडारा आजही लोक बघायला जातात.

अंबरने खडकी पुन्हा उभी केली. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याचा इंतकाल झाला. कबर खुलताबादला आहे. तिथे फातिहा पढायला लोक जातात, पण नहरीची तोंडं कुठे कचऱ्याने बुजली आहेत, कुठे त्यांच्यावर घरं झाली आहेत.