सुईच्या टोकाला भोक

मेकॅनिकलच्या पोराने शिलाई मशीनवर लेख लिहावा हे जरा विचित्रच. पण गेल्या गणपतीत दिवेआगरला घरी गेलो आणि आईच्या पायमशीनने माझा जो काही पाणउतारा केला, त्यातूनच हा लेख आला.

झालं असं की मखरासाठी थर्माकोल नको, सगळं कागदाचं करायचं असं मी ठरवलं. कार्डशीटची फुलं, त्यांच्या माळा, कागदी तोरण. आमच्याकडे भाद्रपदातल्या दमट हवेत डिंकाचं काही टिकत नाही. म्हटलं, सरळ मशीनवर शिवून टाकू, तासाभराचं काम! पहिलीच माळ टाक्यांच्या रेषेवर फाटून हातात आली, पोस्टाची तिकिटं फाटतात ना, अगदी तशी. टाका लांब केला तर मधलेच टाके सुटायला लागले. दोरा सैल केला तर खाली गुंता. उसवून पुन्हा शिवावं, तर कागदाला पडलेलं भोक बुजत नाही. रात्री एकपर्यंत हा खेळ चालला.

सकाळी आई ब्लाऊज शिवायला बसली. सुई बोथट झालेली, कापडाचे धागे ओढले जात होते. बॉबिनच्या जागेत कागदाचा भुसा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती यायला वर्षं जातात. तेव्हापासून घराचा बराच खर्च ही मशीन उचलते. गणपतीआधी द्यायचे सात ब्लाऊज माझ्यामुळे अडकले. आई काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. भर पावसात बोर्लीपंचतनला जाऊन सुया आणल्या, आणि सुट्टीत या यंत्राच्या जनकाची माहिती वाचून काढली.

त्याचं नाव एलियास हाउ. (नावातच प्रश्न!) जन्म ९ जुलै १८१९, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्पेन्सर या गावी. शेतकऱ्याचा मुलगा, तब्येतीने नाजूक, एका पायाने अधू. सोळाव्या वर्षी लॉवेलच्या कापड गिरणीत यंत्रांच्या कामावर लागला. १८३७ च्या मंदीत ते काम गेलं. मग अचूक घड्याळं आणि उपकरणं बनवणाऱ्या एरी डेव्हिस नावाच्या कारागिराकडे उमेदवारी केली. शिवणारं यंत्र कोणी बनवलं तर तो मालामाल होईल, ही चर्चा त्याने तिथेच ऐकली असं सांगतात.

१८४१ मध्ये लग्न झालं. पगार आठवड्याला ९ डॉलर. पुढे मुलं झाली, आणि दिवसभर काम करून हा घरी यायचा तो थकून आडवा व्हायचा. बायको एलिझाबेथ लोकांचं शिवण घेऊन संसाराला हातभार लावायची. हाउ तिचे हात बघत बसायचा आणि तेच हात लोखंडात उतरवायला बघायचा. दोन्हीकडे टोक आणि मधे भोक अशी सुई त्याने करून पाहिली. ती आरपार जायची, परत यायची, पण टाका काही धड पडेना. महिनोन्‌महिने वाया गेले.

मग त्याने हाताची नक्कल करायचं सोडलं. सुईचं भोक टोकाजवळ आणलं. सुई कापडातून पलीकडे जाते आणि थोडी मागे येताना दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. त्या फासातून धोटा दुसरा दोरा घेऊन जातो, आणि दोन दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. कोणताही हात असं शिवत नाही! भाला घेतलेले रानटी लोक त्याच्या स्वप्नात आले आणि भाल्यांच्या टोकाला भोकं होती, अशी गोष्ट सांगतात. ती दंतकथाच समजावी. गिरणीत धोटा त्याने रोज पाहिला होता, ते मला जास्त पटतं.

जॉर्ज फिशर या मित्राने घरात जागा आणि ५०० डॉलर दिले. १८४५ मध्ये यंत्र तयार झालं. बोस्टनला पाच शिवणाऱ्या बायकांशी त्याची स्पर्धा लावली, यंत्र जिंकलं. १० सप्टेंबर १८४६ ला पेटंट मिळालं. पण गिऱ्हाईक? एकही नाही. यंत्र महाग, आणि शिंप्यांना पोटाची भीती.

शेवटी इंग्लंडमध्ये एका कॉर्सेट बनवणाऱ्याने २५० पौंडांना हक्क घेतले. हाउ तिकडे नोकरीला गेला, मालकाशी बिनसलं. बायकामुलांना परत पाठवून दिलं, आणि स्वतःच्या परतीसाठी पहिलं यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण ठेवले. १८४९ मध्ये घरी पोचला तेव्हा एलिझाबेथ क्षयाने शेवटच्या घटका मोजत होती. अंत्यविधीला त्याने मागून आणलेले कपडे घातले. शिवणयंत्र बनवणाऱ्याच्या अंगावर उसने कपडे! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

इकडे आयझॅक सिंगर वगैरे मंडळी त्याच्या कल्पनेवर मशीन विकू लागली होती. उभी सुई, पायाने चालवायची सोय यांमुळे सिंगरची मशीन वापरायला खरोखरच सोपी होती. पण टोकाशी भोक असलेली सुई आणि धोटा हाउच्या पेटंटमध्ये होते. वॉल्टर हंट याने असं यंत्र आधीच केलं होतं हेही कोर्टात पुढे आलं, पण त्याने पेटंट घेतलंच नव्हतं. १८५४ मध्ये हाउ जिंकला. १८५६ पासून कंपन्यांच्या करारानुसार अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनमागे त्याला ५ डॉलर मिळू लागले. तो लक्षाधीश झाला. तरी १८६२ मध्ये यादवी युद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाला, आणि सरकारी पगार रखडला तेव्हा आपल्या रेजिमेंटचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. ३ ऑक्टोबर १८६७ ला अवघ्या ४८ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी त्याचं पेटंटही संपलं.

गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांना विरोध समजावताना शिवणयंत्राचा अपवाद केला होता. सिंगरने बायकोचे कष्ट न बघवून ते बनवलं, असं ते सांगत. ही गोष्ट सिंगरपेक्षा हाउला जास्त शोभते. फरक इतकाच की हाउच्या बायकोला त्या पैशाचं सुख लाभलं नाही.

आता माझ्या माळांचं. कापडात सुई शिरली की धागे बाजूला सरतात आणि पुन्हा मिटतात. कागदाचे तंतू तुटतात. शिवाय सुई वर येताना कागदही तिच्याबरोबर उचलला जातो, फास नीट बनत नाही आणि टाका सुटतो. कागदात चिनी मातीसारखी खनिजं असतात, त्यांनी सुई झिजते. मशीनची चूक कुठेच नव्हती. हाउने सुरुवातीला यंत्राला हात समजलं होतं, मी कागदाला कापड समजलो.

आईचे ब्लाऊज वेळेत गेले, ती दोन रात्री जागली म्हणून. मग तिनेच युक्ती सांगितली. कागदाखाली जुन्या धोतराची पट्टी धरायची, टाका सगळ्यात लांब ठेवायचा, आणि ती बोथट सुई फक्त कागदासाठी ठेवायची. तीन माळा झाल्या, विसर्जनापर्यंत टिकल्या. ती सुई आता वेगळ्या डबीत आहे. डबीवर आईने माझं नाव लिहून ठेवलंय.